चूक कोडची की कंपायलरची?

छोटं फंक्शन जिथून बोलावलं जातं तिथेच त्याचा मजकूर उतरवायचा, याला इनलाइनिंग म्हणतात. बोलावण्याचा खर्च वाचतोच, पण मोठा लाभ पुढचा: दोन्हीकडचा मजकूर एकत्र दिसू लागला की कंपायलरला आणखी काटछाट करता येते. घोळही बहुधा तिथेच होतो.

ऑप्टिमायझेशन बंद असताना उत्तर बरोबर, 'ओ-टू' ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावली की चूक. शोधायला एक 'प्रिंटएफ' घालावं, तर चूकच गायब! त्या ओळीने फंक्शन फुगलं, इनलाइनिंगची मर्यादा ओलांडली गेली आणि ते वेगळंच राहिलं. हा धागा अजिबात सोडू नये.

जीसीसी आणि क्लँगमध्ये संशयित फंक्शनवर 'नोइनलाइन' लिहिता येतं. त्याने चूक गेली तरी कंपायलरला दोष देण्याची घाई नको. पुष्कळदा आपल्याच कोडमध्ये पूर्णांक मर्यादेबाहेर गेलेला असतो किंवा चल कोरा राहिलेला असतो. इनलाइनिंगने ते फक्त उघडं पडतं. म्हणून आधी अशा चुका पकडणारे सॅनिटायझर चालवावेत.

तरीही संशय उरला, तर क्लँगच्या पायाशी असलेल्या एलएलव्हीएमचा 'ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट' हा पर्याय अनमोल आहे. ऑप्टिमायझेशनच्या निम्म्या-निम्म्या पायऱ्या बंद करत गेलं की हजारांतली दोषी पायरी सुमारे १० फेऱ्यांत सापडते. मग 'सी-रिड्यूस' हजारो ओळींचा कोड थोडक्या ओळींवर आणतो.

कंपायलर खरोखर चुकतातही: यूटा विद्यापीठाच्या 'सीस्मिथ' या यादृच्छिक सी प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाने तीन वर्षांत कंपायलरांतल्या ३२५हून अधिक चुका उघड केल्या होत्या. हे सांगणारा शोधनिबंध २०११चा.