नऊ विद्यार्थी, दहा कसोट्या

अमेरिकेतील ‘अकॅडेमिक डेकॅथलॉन’ ही शालेय सांघिक स्पर्धा वरवर पाहता हुशार मुलांची प्रश्नमंजूषा वाटण्याचा संभव आहे. परंतु तिचे नियम नीट समजून घेतले म्हणजे लक्षात येते की, निवडक हुशारांचा गौरव करणे एवढाच तिचा हेतू नाही, तर निरनिराळ्या कुवतीच्या विद्यार्थ्यांना एका संघात बांधून त्यांना एकमेकांच्या मदतीने अभ्यास करायला लावणे हे तिच्या रचनेचे मूळ सूत्र आहे. मैदानी खेळांतील डेकॅथलॉनमध्ये एकाच खेळाडूला धावणे, उड्या आणि फेक अशा दहा प्रकारांत उतरावे लागते. त्याच धर्तीवर येथे नववी ते बारावीच्या प्रत्येक स्पर्धकाला दहा शैक्षणिक प्रकारांत आपली तयारी दाखवावी लागते. कॅलिफोर्निया राज्यातील ऑरेंज काउंटीचे शिक्षण अधीक्षक रॉबर्ट पीटरसन यांनी १९६८ साली या स्पर्धेचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असताना त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पुढे १९८१ मध्ये तिची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८२ पासून राष्ट्रीय पातळीवरील सामने सुरू झाले.

या स्पर्धेचे वेगळेपण संघनिवडीच्या नियमात आहे. पूर्ण संघात नऊ विद्यार्थी असतात आणि ते तीन गटांत विभागलेले असतात. अमेरिकी शाळांत विषयवार श्रेणींची सरासरी चारपैकी गुणांकात मोजली जाते, म्हणजे ‘ए’ श्रेणीला चार, ‘बी’ला तीन आणि ‘सी’ला दोन गुण धरले जातात. या सरासरीनुसार वरच्या श्रेणीचे तीन विद्यार्थी ‘ऑनर्स’ गटात, मधल्या श्रेणीचे तीन ‘स्कोलॅस्टिक’ गटात आणि त्याखालील श्रेणीचे तीन ‘व्हर्सिटी’ गटात घेतले जातात. विद्यार्थ्याला आपल्या श्रेणीपेक्षा वरच्या गटात उतरण्याची मुभा असते, खालच्या गटात मात्र उतरता येत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची चुरस आपल्याच गटातील स्पर्धकांशी असते, आणि संघाच्या बेरजेत प्रत्येक गटातील सर्वोत्तम दोघांचे गुण धरले जातात. याचा अर्थ असा की, ज्या शाळेकडे वर्गात पहिले येणारे नऊ विद्यार्थी आहेत, तिला त्या नऊ जणांचा संघ उतरवताच येत नाही. वर्गाच्या मधल्या आणि मागच्या बाकांवरून सहा जण शोधून त्यांना तयार करावेच लागते.

दहा प्रकारांपैकी सात विषयांच्या लेखी चाचण्या असतात: कला, संगीत, भाषा व साहित्य, सामाजिक शास्त्र, विज्ञान, अर्थशास्त्र आणि गणित. गणित वगळता प्रत्येक चाचणीत पन्नास बहुपर्यायी प्रश्न असून ते तीस मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नासाठी सरासरी छत्तीस सेकंद मिळतात. उरलेले तीन प्रकार निबंध, भाषण आणि मुलाखत हे असून त्यांचे मूल्यमापन परीक्षक करतात. प्रत्येक प्रकाराला एक हजार याप्रमाणे एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त दहा हजार गुण मिळू शकतात आणि सहा जणांच्या बेरजेने संघाची कमाल मर्यादा साठ हजारांवर जाते. यांशिवाय ‘सुपर क्विझ’ नावाची एक फेरी प्रेक्षकांसमोर होते. तीत प्रश्न मोठ्याने वाचला जातो, काही सेकंदांत पर्याय निवडावा लागतो आणि उत्तर बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळते.

विषय सात असले तरी त्यांना जोडणारा एक धागा दरवर्षी ठरवून दिला जातो. गणित बहुधा त्यापासून स्वतंत्र राहते, बाकीचे विषय मात्र शक्य तितके त्या वार्षिक सूत्राभोवती गुंफलेले असतात. पहिले महायुद्ध, आफ्रिका, शीतयुद्ध, पाणी, बदलते हवामान अशी सूत्रे आतापर्यंत घेतली गेली आहेत. २०१५-१६ या वर्षाचे सूत्र ‘भारत’ हे होते, त्यामुळे त्या वर्षी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातील शाळकरी मुलांनी स्पर्धेसाठी भारताचा इतिहास, कला, संगीत आणि साहित्य यांचा अभ्यास केला. या पद्धतीचा शैक्षणिक लाभ मोठा आहे, कारण एखाद्या युद्धाची राजकीय कारणे, त्या काळातील चित्रकारांची दृष्टी, त्याच पिढीने लिहिलेली कादंबरी आणि युद्धखर्चामागचे अर्थशास्त्र यांचा विचार एकाच वर्षात झाला म्हणजे विषयांमधल्या भिंती विद्यार्थ्याच्या मनात आपोआप खाली येतात.

तयारी साधारणपणे उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू होते. जिल्हा किंवा विभाग पातळीवरील सामने हिवाळ्यात, राज्य पातळीवरील त्यानंतर आणि राष्ट्रीय सामने वसंत ऋतूत होत असल्याने संघाला जवळपास पूर्ण वर्षाचे नियोजन करावे लागते. मार्गदर्शक शिक्षकापुढचा पहिला प्रश्न असतो तो वेळेच्या वाटणीचा, आणि त्याचे उत्तर गुणांच्या हिशेबातच दडलेले आहे. गणित वगळता इतर सहा लेखी चाचण्यांत प्रत्येक प्रश्नाला वीस गुण असतात. ऑनर्स गटातील विद्यार्थी एका चाचणीत बेचाळीस उत्तरे बरोबर देत असेल आणि कसून मेहनत केल्यावर तो पंचेचाळीसवर गेला, तर या सहा चाचण्यांत मिळून संघाच्या पदरात तीनशे साठ गुण अधिक पडतात. व्हर्सिटी गटातील विद्यार्थी बावीस बरोबर उत्तरांवरून बत्तीसवर गेला, तर तीच वाढ बाराशे गुणांची होते. शिवाय शिखराजवळ पोहोचलेल्याला पुढची तीन उत्तरे मिळवणे जितके कठीण असते, तितके पायथ्याशी असलेल्याला पुढची दहा मिळवणे बहुधा नसते. म्हणूनच अनुभवी मार्गदर्शक आपला सर्वाधिक वेळ व्हर्सिटी गटाला देतात. त्यातही गटातील तिसरा विद्यार्थी राखीव मानून दुर्लक्षिता येत नाही, कारण तिघांपैकी कोणाचे गुण बेरजेत धरले जाणार, हे स्पर्धा संपेपर्यंत कोणालाच माहीत नसते.

कमी श्रेणी मिळवणारा प्रत्येक विद्यार्थी बुद्धीने कमी असतो, हा समज या तयारीत लवकरच गळून पडतो. श्रेणी घसरण्यामागे गृहपाठ वेळेवर न देणे, घरची जबाबदारी, अर्धवेळ नोकरी, वर्गातील कंटाळा किंवा इंग्रजी ही घरची भाषा नसणे अशी कितीतरी कारणे असू शकतात. यांपैकी अनेकांची वाचनाची भूक दांडगी असते, पण शाळेने कधी त्यांच्यावर काही सोपवलेले नसते. उत्तम व्हर्सिटी विद्यार्थी शोधणे म्हणजे निकालपत्रकापलीकडे पाहणे होय. त्यासाठी वर्गशिक्षक, ग्रंथपाल आणि क्रीडाशिक्षक यांच्याशी बोलावे लागते आणि ‘तुझी संघाला गरज आहे’ हे त्या विद्यार्थ्याला मनापासून सांगावे लागते.

प्रत्यक्ष अभ्यासाची एक रूढ पद्धत अशी की, दहाही प्रकार सर्वांना अनिवार्य असले तरी प्रत्येक विद्यार्थ्याकडे एकेका विषयाचे पालकत्व दिले जाते. ज्याच्याकडे अर्थशास्त्र आहे, तो मागणी-पुरवठ्याचा आलेख इतर आठ जणांना समजावून सांगतो, आणि जिच्याकडे संगीत आहे, ती ध्वनिफिती ऐकवून रचनेचे भाग ओळखायला शिकवते. समाजमानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील शाळांत जी ‘जिगसॉ’ पद्धत वापरली, तिच्याशी या वाटणीचे जवळचे नाते आहे. त्या पद्धतीत धड्याचा एकेक भाग एकेका मुलाकडे दिला जात असे आणि पूर्ण धडा समजण्यासाठी प्रत्येकाला दुसऱ्याचे ऐकावेच लागत असे. विषयाचे पालकत्व व्हर्सिटी गटातील मुलाकडे असेल, तर वर्गात पहिली येणारी मुलगी त्याच्यासमोर वही उघडून बसते, आणि या एका प्रसंगाने त्या मुलाची स्वतःविषयीची कल्पना जितकी बदलते, तितकी कोणत्याही उपदेशाने बदलत नाही.

अभ्याससाहित्य शेकडो पानांचे असल्याने ते लक्षात ठेवणे हे दुसरे आव्हान असते. पुन्हा पुन्हा वाचत राहणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची सवय येथे अपुरी ठरते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात एका गटाने एकच उतारा चार सत्रांत वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना उताऱ्यातील सुमारे चाळीस टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे एकसष्ट टक्के मजकूर आठवला. या कारणाने चांगल्या संघात सराव चाचणी ही केवळ मोजमापाची पट्टी राहत नाही, ती शिकण्याचे साधन बनते, आणि तिच्यानंतरचा अर्धा तास चाचणीइतकाच मोलाचा मानला जातो. त्या वेळात विद्यार्थी प्रत्येक चुकलेल्या उत्तरासमोर चुकीचे कारण लिहितो: माहितीच नव्हती, माहिती होती पण आठवली नाही, की प्रश्न वाचण्यात गफलत झाली. एखाद्या मुलाने संगीतरचनेचा कालखंड अचूक ओळखलेला असतो, पण ‘पुढीलपैकी कोणते विधान चुकीचे आहे’ या वाक्यातील ‘चुकीचे’ हा शब्द छत्तीस सेकंदांच्या घाईत त्याच्या नजरेतून सुटलेला असतो. अशा चुकीवर संगीताचा आणखी अभ्यास हा उपाय नसून प्रश्नातील कळीच्या शब्दाखाली रेघ ओढण्याची सवय हा उपाय आहे, आणि हे निदान विद्यार्थ्याने स्वतः केले तरच ते टिकते.

निबंध, भाषण आणि मुलाखत यांची तयारी वेगळ्या वळणाची असते. निबंधासाठी पन्नास मिनिटे मिळतात आणि दिलेल्या विषयांपैकी एकावर लिहायचे असते. त्यामुळे मुद्द्यांची आखणी, लेखन आणि पुन्हा वाचन यांसाठी वेळ आधीच वाटून घ्यावा लागतो. भाषणाचे दोन भाग असतात. पहिले तयार करून आणलेले, साडेतीन ते चार मिनिटांचे, आणि दुसरे उत्स्फूर्त, ज्यात दिलेल्या विषयांतून एक निवडून मिनिटभराच्या विचारानंतर दीड ते दोन मिनिटे बोलायचे असते. त्या एका मिनिटात संपूर्ण भाषण मनात रचण्याचा प्रयत्न करणारा हमखास अडखळतो; म्हणून एक ठाम विधान, त्याला आधार देणारी दोन उदाहरणे आणि शेवटचे वाक्य एवढेच ठरवून उभे राहण्याचा सराव करून घेतला जातो. मुलाखत सात मिनिटांची असते. अनोळखी प्रौढांसमोर बसून आपली आवड, आपले अपयश आणि आपली स्वप्ने यांविषयी सरळ बोलणे अनेक मुलांना त्यापूर्वी कधी जमलेले नसते, आणि स्पर्धा संपल्यानंतरही महाविद्यालयीन प्रवेशात व नोकरीत उपयोगी पडणारी शिदोरी त्यांना येथे मिळते.

या स्पर्धेला काळी बाजू नाही, असे म्हणता येणार नाही. १९९५ साली शिकागोच्या स्टाइनमेट्झ हायस्कूलच्या संघाने राज्य स्पर्धेची प्रश्नपत्रिका आधीच मिळवून विजय संपादन केला, गुणांतील अचानक वाढीमुळे संशय बळावला आणि अखेर त्यांचे विजेतेपद काढून घेण्यात आले. या प्रकरणावर पुढे चित्रपटही निघाला. विजयाखेरीज दुसरे उद्दिष्ट न उरलेल्या मार्गदर्शनाची परिणती कशात होते, याचा हा धडा प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. अभ्याससाहित्याचा खर्च आणि मार्गदर्शकाला मिळणारा वेळ यांबाबत सर्व शाळा समान पातळीवर नसतात, हीदेखील वस्तुस्थिती आहे. राष्ट्रीय विजेतेपद बहुतेक वेळा कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन राज्यांकडे गेले असून २००२ मध्ये विस्कॉन्सिनच्या वॉकेशा वेस्ट हायस्कूलने मिळवलेला विजय हा ठळक अपवाद आहे. तयारीची परंपरा, अनुभवी मार्गदर्शक आणि शाळेचे पाठबळ जिथे वर्षानुवर्षे साचत जाते, तिथे यश टिकते, असेच या इतिहासावरून दिसते.

महाराष्ट्रात शालेय शिष्यवृत्ती परीक्षा किंवा डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा यांची तयारी शाळा उत्साहाने करून घेतात; परंतु या परीक्षा वैयक्तिक आहेत, आणि त्यांच्या जादा तासांना बसवण्यासाठी मुले निवडताना शिक्षकांची नजर स्वाभाविकपणे वरच्या बाकांकडे वळते. वक्तृत्व, निबंध आणि प्रश्नमंजूषा यांच्या स्पर्धा आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या आहेत, पण त्या सुट्या सुट्या होतात आणि प्रत्येकीत बहुधा तीच चार नावे झळकतात. अकॅडेमिक डेकॅथलॉनमधून घेण्यासारखी गोष्ट तिचे साहित्य किंवा तिची बक्षिसे ही नसून तिचा संघनिवडीचा नियम ही आहे. तालुका पातळीवर चार शाळांनी एकत्र येऊन एक वार्षिक सूत्र ठरवावे, वरच्या, मधल्या आणि खालच्या गुणगटांतून प्रत्येकी तीन विद्यार्थी घेण्याची अट घालावी आणि तिन्ही गटांच्या गुणांना सारखेच वजन द्यावे. यासाठी फार खर्च लागत नाही आणि वेगळी परवानगीही लागू नये. ज्या विद्यार्थ्यावाचून संघच पुरा होत नाही, त्याला शिकवणे शाळेला टाळता येत नाही. येत्या शैक्षणिक वर्षात एका तरी शाळेने हा प्रयोग करून पाहावा.