अंगणातले पावसाचे पाणी

मे महिना सरत आला की गोव्यात आणि खानापूर-बेळगावकडील खेड्यांतून कौले परतण्याची एकच घाई उडते. छपराची इतकी काळजी वाहणारे आपण, छपरावरून उतरलेले पाणी पुढे कोठे जाते इकडे मात्र सहसा पाहत नाही. वरच्या गळतीने भिंत ओली झालेली सर्वांस दिसते; जोत्याशी मुरलेल्या पाण्याने ती खालून खचते, हे भिंत कलल्यावरच कळते.

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. ५० चौरस मीटर छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि गोव्यात तो काही नवलाचा नव्हे, तर ५,००० लिटर पाणी पागोळ्यांवाटे अंगणात उतरते.

ह्या पाण्याला धावू न देता चालावयास लावावे. जोत्याभोवती माती अशी भरावी की भिंतीपासून १० फुटांत जमीन ६ इंच उतरेल. त्यापलीकडे उताराला आडवा, फूट-दीड फूट खोल चर खणावा व निघालेल्या मातीचा खालच्या अंगास बांध घालावा. बांधावर वाळा लावावा. त्याची मुळे फारशी आडवी न पसरता सरळ खोल जातात व माती घट्ट धरतात. चराकाठी अळू व केळी सुखाने वाढतात. चरात शौचकूपाचे वा गोठ्याचे पाणी मात्र मिसळू देऊ नये.

जांभ्याच्या तांबड्या जमिनीत हे पाणी लवकर मुरते व विहिरीस त्याचा लाभ होतो. बेळगावच्या पूर्वेकडील काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे पाडते. तेथे चर घरापासून बराच दूर ठेवून पाणी शेताकडे न्यावे.

हल्ली अंगणभर सिमेंट ओतण्याची हौस वाढली आहे. पायांना चिखल लागत नाही, हे खरे. परंतु थेंबही मुरत नाही आणि सारा लोंढा शेजाऱ्याच्या दारात जातो. एकाच धर्मग्रामातील, एकाच वेदीपाशी गुडघे टेकणारी घरे अशा पाण्यापायी अबोला धरतात, हे आम्हांस फार खटकते. परमगुरू फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्यात शेजाऱ्याचे जोतेही आलेच.

म्हणून चर भरून वाहू लागल्यास जादा पाणी कोणत्या वाटेने जावे, हे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठरवावे. वळवाची एखादी सर आली की दोघांनी छत्र्या घेऊन बाहेर उभे राहावे आणि पाणी कोठून येते, कोठे तुंबते, ते पाहून खुंट्या ठोकाव्यात. कुदळ त्यानंतर हाती घ्यावी.