रानपाला आणि दाण्याचा कूट

एस्वातिनी हा दक्षिण आफ्रिकेला खेटून असलेला छोटा देश. २०१८ पर्यंत आपण त्याला स्वाझीलंड म्हणत होतो. तिथला पावसाळा ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो आणि मग मक्याच्या शेतात, कुंपणाकडेला, गोठ्यामागच्या सकस मातीत पाला तरारतो. तो कुणी पेरलेला नसतो. खुडून शिजवलेल्या या पाल्याला सिस्वाती भाषेत ‘उंबिद्वो’ म्हणतात. मक्याच्या पिठाची घट्ट ‘लिफालिशी’ हे तिथलं मुख्य अन्न आणि उंबिद्वो हे त्याचं तोंडीलावणं.

यातली निम्मी झाडं आपल्या ओळखीची निघतात. ‘इंबुया’ म्हणजे आपल्या माठ-तांदुळजाची भावंडं. ‘इंकाखा’ ही कारली-करटोलीच्या कुळातली कडू वेल. ज्याची काळी, काटेरी बी कपड्यांना चिकटते ते ‘चुचुझा’. ‘लिगुशा’ तर ज्यूटचंच झाड, फक्त इथे धाग्याऐवजी पानासाठी खुडलेलं.

इंबुयाचे शेंडे फुलोरा येण्याआधीच खुडावेत, नंतर ते चरबट होतात. कोवळ्या पाल्यात धोतऱ्याची रोपं मिसळण्याचा धोका असतो आणि धोतरा विषारी आहे. त्याचं पान चुरगळलं की उग्र, नकोसा वास येतो. तरीही झाडाची पक्की ओळख नसेल तर ते खुडूच नये.

पाला दोन-तीन पाण्यांतून धुऊन, चिरून, बेताच्या पाण्यात उकळायला ठेवतात. पातेलंभर पाला बघता बघता मूठभर होतो. मग पडतो दाण्याचा कूट, आणि सगळी गंमत इथे आहे. आपण कुटासाठी दाणे भाजून घेतो. तिथे पुष्कळदा कच्चेच कुटतात. कच्चा कूट उकळत्या पाण्यात पडला की दुधासारखा फेसाळून वर येतो, म्हणून आच मंद हवी आणि झाकण उघडं. वीसेक मिनिटांत फेस बसतो, कच्चट वास जातो आणि पानांभोवती दाटसर, फिकट साय धरते. मीठ हवंच, कांदा-टोमॅटो ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे.

हा कूट नुसता चवीपुरता नाही. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. त्यामुळे इंकाखाचा कडवटपणा जिभेवर कमी टोचतो. शिवाय हिरव्या पानांतलं कॅरोटीन शरीरात मुरायला स्निग्धांश लागतोच. वेगळं तेल न घालता एका पदार्थात एवढं साधणारी ही जोडी मला फार शहाणी वाटते. दाणे मात्र निवडून घ्यावेत. बुरशी लागलेल्या दाण्यांतलं विष शिजवूनही जात नाही.

भोपळ्याचे कोवळे वेलशेंडेही असेच कूट घालून करतात. देठाला टोकाशी चिमटा घेऊन ओढलं की वरची खरखरीत साल दोऱ्यासारखी निघून येते. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळलं तर भाजी घशाला खरवडते.

लिगुशाची तऱ्हा न्यारी. ती भेंडीसारखी बुळबुळीत होते आणि तशीच व्हायला हवी. लवकर मऊ व्हावी म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. रंग हिरवागार राहतो, पण सोड्याने क जीवनसत्त्व घटतं, तेव्हा हात आखडता ठेवलेला बरा. मग लिफालिशीचा गोळा बोटांनी दाबून खळगा करायचा, त्यात लिगुशा उचलायची आणि तार तुटायच्या आत तोंडात टाकायची.