अंगणातली गॅसची भट्टी : घेताना आणि पेटवताना

रमजानचा चांद दिसायच्या आठ-दहा दिवस आधीपासून पुसदमध्ये कढया, झारे आणि भट्ट्यांची विचारपूस सुरू होते. असरनंतर समोसे, भजी, आलूबोंडे तळायचे आणि मगरिबच्या आत माल संपवायचा, असा हा महिनाभराचा घरगुती धंदा आहे. दुकानाचे भाडे नाही, नोकर नाही. घरातल्या बायका सारण करतात, मुले विक्री सांभाळतात. ज्यांचे हातमागाचे, शिलाईचे किंवा मजुरीचे काम मंदीत असते, त्यांना या कमाईचा मोठा आधार होतो.

पूर्वी ही तळणी लाकडाच्या चुलीवर होई. आता अंगणात गॅसची भट्टी आली आहे. धूर नाही, आच हातात राहते आणि वेळ वाचतो. पण स्वयंपाकघरातली शेगडी आणि ही भट्टी यांत फरक आहे, हे घेताना कोणी सांगत नाही.

आम्ही तो फरक नुकसान सोसून शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्याच अंगणात मगरिबला पंधरा मिनिटे उरली होती आणि गिऱ्हाईक दारात उभे होते. घाईत थोरल्या भावाने पाणी सुटलेले समोसे टोपलीभर एकदम कढईत सोडले. कढई काठोकाठ भरलेली होती. तेल फेसाळून वर आले, भट्टीवर सांडले आणि भडका उडाला. टाकी भट्टीला खेटून ठेवलेली होती, त्यामुळे चावीपर्यंत हात जाईना. शेजारचे चाचा ओरडले, "पाणी टाकू नका!" त्यांनी मोठी परात आडवी धरून कढईवर सरकवली, तेव्हा मागच्या बाजूने चावी बंद करता आली. भावाच्या हातावरचा डाग आजही आहे. त्या हंगामाची कमाई दवाखान्यात गेली. त्या दिवशीच्या चुका तीन होत्या : तेल जास्त, टाकी जवळ आणि हाताशी झाकण नाही. भट्टी घेणाऱ्याने याच तीन गोष्टींपासून सुरुवात करावी.

तेल का उसळते?

पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सतराशे पट जागा घेते. तळणीचे तेल १७० ते १९० अंशांवर असते, म्हणून ओल्या मालातले पाणी तेलात शिरताच वाफ होऊन तेलाला वर ढकलते. अमेरिकेत अंगणात प्रोपेन गॅसच्या भट्टीवर अख्खी टर्की तळण्याची चाल आहे. तिथे बर्फ न वितळलेला पक्षी तेलात सोडल्याने आगी लागतात आणि अग्निसुरक्षेच्या संस्थांना दरवर्षी इशारे द्यावे लागतात. पक्षी असो की समोसा, कारण एकच आहे. कढई निम्म्याहून जास्त भरू नये. माल कोरडा करून, थोडा थोडा, कडेने सोडावा.

भट्टी निवडताना

आधी रोजचा माल ठरवा, मग भट्टी. रोज शे-दीडशे नग तळणाऱ्याला दहा लिटर तेलाची कढई पुरते. मोठी भट्टी घेतली तर गॅस वाया जातो आणि आचही आवरत नाही. उभी भट्टी घेतल्यास चार पाय रुंद, जड आणि जोडकाम पक्के असावे. दुकानातच भरलेली कढई ठेवून हलवून पाहावी. डुगडुगणारी भट्टी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. कढईचा तळ बर्नरच्या तोंडापेक्षा रुंद असावा, म्हणजे ज्वाळा कडेने वर येत नाही.

लोखंडी कढई उष्णता धरून ठेवते, त्यामुळे थंड माल पडला तरी तेल लवकर निवत नाही. कल्हई उडालेली तांब्या-पितळेची भांडी तळणीला नकोत. तांब्याच्या संपर्काने तेल लवकर खवट होते. ज्यांचा धंदा बारमाही आहे त्यांनी चौकोनी गॅस फ्रायरचा विचार करावा. त्याच्या काही नमुन्यांत तळाचा भाग ज्वाळेच्या खाली असतो. पडलेला चुरा तिथे थंड राहतो, जळत नाही, म्हणून तेल जास्त टिकते. तापमान आपोआप राखणारी कळ असेल तर उत्तमच. एका महिन्याच्या धंद्याला मात्र कढई आणि भट्टीच परवडते.

रबरी नळी आणि रेग्युलेटर आयएसआय मार्कचेच घ्यावेत. जास्त दाबाच्या भट्टीला घरातला रेग्युलेटर चालत नाही आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर घरातल्या शेगडीला लावणे तर धोक्याचेच. नळीला भेगा दिसल्या की चिकटपट्टी लावू नये, नळी बदलावी.

टाकी कोणती?

आपल्याकडच्या टाकीत प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. घरगुती लाल टाकी १४.२ किलोची, धंद्याची निळी टाकी १९ किलोची. घरगुती टाकीवर विक्रीचा माल तळणे हा २००० सालच्या एलपीजी आदेशानुसार गुन्हा आहे. तो आदेश अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली काढलेला आहे. "सगळेच करतात" हे उत्तर तपासणीच्या वेळी चालत नाही. टाकी आणि भट्टी जप्त झाली तर महिन्याची कमाई जाते.

टाकी घेताना कड्याच्या आतल्या पट्टीवरचे अक्षर वाचा. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही भाग. 'बी-३०' लिहिले असेल तर त्या टाकीची तपासणी जून २०३० पर्यंत चालते. मुदत उलटलेली टाकी परत करा. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. तोलून घेतले तर गॅस किती मिळाला ते कळते आणि कोणाशी वाद घालावा लागत नाही.

गॅसचा हिशेबही मांडून ठेवावा. दहा लिटर तेल १८० अंशांपर्यंत तापवायला भट्टीवर साधारण दीडशे ग्रॅम गॅस लागतो. तासाला एक किलो जाळणारी भट्टी रोज अडीच तास चालली तर १९ किलोची टाकी सात-आठ दिवस पुरते. म्हणजे महिन्याला चार टाक्या धरा. टाकीचा त्या दिवसाचा भाव आणि रोजचे नग यांवरून नगामागे गॅस किती पैशांचा, ते काढा. भाव ठरवताना हा खर्च धरला नाही, तर नफा दिसतो पण हाती राहत नाही.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२८ मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस येईल आणि २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात पुन्हा एकदा सुरू होईल. थंडीत आणि मोठ्या आचेवर टाकी गार पडते, बाहेरून दव धरते आणि ज्वाळा मंदावते. अशा वेळी टाकी आडवी करणे, उकळत्या पाण्यात ठेवणे किंवा तिच्याखाली निखारे सरकवणे हे जिवावर बेतणारे आहे. आच थोडी कमी करावी किंवा दुसरी टाकी लावावी.

मांडणी आणि पेटवणी

भट्टी उघड्यावर, सपाट जमिनीवर, भिंत, कडबा, सरपण आणि कापडी मांडव यांपासून दहा फूट दूर ठेवावी. टाकी उभी आणि भट्टीपासून किमान पाच-सहा फूट लांब असावी. मधून मुलांची ये-जा नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळाला की खाली साचतो. म्हणून टाकी खड्ड्यात, नालीजवळ किंवा तळघराच्या तोंडाशी ठेवू नये. वाऱ्यासाठी पत्रा लावायचा तर तो भट्टीच्या बाजूला लावावा, टाकीभोवती नाही. जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून गळती शोधू नये. आधी काडी धरावी, मग गॅस सोडावा.

कढईपेक्षा मोठे सपाट झाकण कोरडे करून हाताशी असावे. तेलाने पेट घेतला तर झाकण सरकवायचे, चावी बंद करायची आणि तेल गार होईपर्यंत झाकण उचलायचे नाही. पाणी कधीच नाही. भाजल्यास वीस मिनिटे वाहते थंड पाणी, मग डॉक्टर. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. गळतीची तक्रार १९०६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी करता येते.

तेल आणि नाव

तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक घटक वाढतात. ते २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरायला १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. घरी ओळखायचे तर तेल काळपट, चिकट झाले, लवकर धूर सोडू लागले, फेस मोडेना, की बदलावे. रोज गार झाल्यावर मलमलीतून गाळावे. चुरा राहिला की दुसऱ्या दिवशीचा माल कडवट लागतो. मीठ-मसाला कढईवर भुरभुरू नये. उरलेले तेल नालीत ओतू नये आणि दुसऱ्या तळणाऱ्याला स्वस्तात विकूही नये. बायोडिझेलसाठी ते गोळा करणारे आहेत, त्यांना द्यावे.

घरातून विकणाऱ्यालाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. २०११ च्या नियमांत लहान धंद्याची मर्यादा वर्षाला १२ लाखांची उलाढाल अशी ठेवलेली होती आणि फी वर्षाला शंभर रुपये. नोंदणीचा कागद भिंतीवर लावला की गिऱ्हाईकाचा भरवसा वाढतो.

झाकण, नवी नळी आणि चार हात जागा यांचा खर्च एका दिवसाच्या विक्रीतून निघतो. आमच्या घरी आता भट्टी पेटवण्याआधी थोरला भाऊ स्वतः झाकण आणून ठेवतो, मगच काडी मागतो. गिऱ्हाईक दारात थांबले तरी थांबू द्यावे. दोन समोसे कमी विकले गेले तरी धंदा बुडत नाही.