वर्ध्याहून मुंबई: हवेतलं अंतर, जमिनीवरचा वेळ

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे 680 किलोमीटर. ताशी 800 किलोमीटरच्या वेगाने तासाभराचंही काम नाही, तरी वेळापत्रक साधारण दीड तास सांगतं. कारण त्यात धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण आणि मुंबईच्या आकाशातली ताटकळही मोजलेली असते. वर्धेकराचा हिशेब मात्र त्याआधीच सुरू होतो: मुंबई पश्चिमेला, आणि हा आधी पंचाहत्तरेक किलोमीटर उलटा, ईशान्येला नागपूरच्या सोनेगाव विमानतळाकडे निघतो! तपासणीसकट घर ते घर सहा-सात तास सहज जातात. रेल्वेला रात्रभर लागते, मग विमानच बरं, असं कुणी म्हणेल. खरंय, पण ती रात्र झोपेत जाते, आणि विदर्भ एक्सप्रेस वर्ध्यालाच थांबते.