अल्बर्ट हॉलचा वाद्यवृंद आणि कापसाच्या मळ्यातला सूर

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटले की जयंतीच्या मांडवात, गणपतीच्या मंडपात सिनेमाची गाणी म्हणणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. युरोपात ऑर्केस्ट्रा म्हणजे वेगळीच गोष्ट. काळ्या कोटातले साठ-सत्तर वादक, व्हायोलिनचा ताफा, समोर कागदावर लिहिलेले संगीत आणि हातात छडी घेतलेला संचालक. राजेरजवाड्यांच्या दरबारात वाढलेले, 'उच्च' म्हणून मिरवणारे हे संगीत. आणि इलेक्ट्रिक गिटार? ती रस्त्यावरच्या पोरांची, दारूच्या गुत्त्यांची, गोंगाटाची! या दोघांना एका मंचावर बसवले तर काय होते? आणि त्यातून कोणाचा मान वाढतो? हा प्रश्न गाण्यापुरता नाही, म्हणून त्यावर लिहितो आहे.

लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये खुला झाला. राणी व्हिक्टोरियाच्या पतीचे नाव त्याला दिलेले आहे. याच सभागृहात १९६९ मध्ये 'डीप पर्पल' हा रॉक बँड रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर वाजला, तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. पण आज सांगायची आहे ती एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाची गोष्ट. १९९० मध्ये त्याने या सभागृहात १८ रात्री कार्यक्रम केले आणि १९९१ मध्ये तब्बल २४ रात्री. काही रात्री फक्त चौघांचा बँड, काही रात्री नऊ जणांचा, काही रात्री ब्लूज वाजवणारे पाहुणे, तर काही रात्री पूर्ण वाद्यवृंद. त्यातली निवडक गाणी '२४ नाइट्स' या नावाने १९९१ मध्येच बाहेर आली. पुढे २०२३ मध्ये त्याची विस्तारित आवृत्तीही निघाली.

वाद्यवृंदाची सूत्रे मायकल केमनकडे होती. केमन न्यूयॉर्कचा. शास्त्रीय शिक्षण घेतलेला, पण तरुणपणी स्वतः रॉक बँड चालवलेला. पुढे १९९९ मध्ये 'मेटॅलिका' या बँडला सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर उभे करणाराही तोच. हे काम दिसते तितके सोपे नाही. रॉकचा गिटारवादक मनात आले की सूर लांबवतो. चार आवर्तनांची जागा सोळा आवर्तने घेते, आणि सोबतचे तिघे त्याच्या मानेच्या इशाऱ्यावर चालतात. पण कागद वाचून वाजवणाऱ्या साठ-सत्तर जणांना ते कसे जमणार? म्हणून कुठे थांबायचे, कुठे उचलायचे हे आधी लिहून काढावे लागते. ढोलाचा ठेका आणि संचालकाची छडी यांचा मेळ घालावा लागतो. अँप्लिफायरच्या गर्जनेत व्हायोलिन बुडू नये म्हणून मायक्रोफोनची मांडणी करावी लागते. केमनने क्लॅप्टनच्या गाण्यांना वाद्यवृंदाची जोड दिलीच, शिवाय इलेक्ट्रिक गिटारसाठी एक स्वतंत्र कन्चेर्तोही रचला. मोठ्या वाद्यवृंदापुढे एकट्या वादकाने वाजवायची ही रचना. एरवी हा मान पियानोला, व्हायोलिनला. तो गिटारला मिळाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण मित्रहो, खरा प्रश्न इथेच सुरू होतो. ज्या संगीताला अल्बर्ट हॉलमध्ये हा मान मिळाला, ते जन्मले कुठे?

ते जन्मले अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या मळ्यांत. गुलामीतून कायद्याने सुटलेल्या, पण वाटेकरीच्या शेतीत आणि वंशभेदाच्या कायद्यांत पुन्हा जखडलेल्या काळ्या माणसांनी ब्लूज घडवले आणि त्या ब्लूजमधून रॉक उभे राहिले. क्लॅप्टन ज्याला गुरुस्थानी मानतो तो रॉबर्ट जॉन्सन मिसिसिपीचा. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने एकूण २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला. त्याला नेमके कुठे पुरले, यावरही वाद झाला. तीन वेगवेगळ्या ठिकाणी त्याच्या नावाचे दगड आहेत. ज्याच्या सुरांवर पुढच्या पिढ्यांनी साम्राज्ये उभी केली, त्याला मातीतली स्वतःची जागासुद्धा निश्चित मिळू नये!

आता याच क्लॅप्टनची दुसरी बाजू पाहा. १९७४ मध्ये अमेरिकेत त्याचे जे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, ते जमैकाच्या बॉब मार्लेचे. आणि दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९७६ मध्ये, बर्मिंगहॅमच्या मंचावरून याच माणसाने परदेशी वंशाच्या लोकांविरुद्ध गरळ ओकली, त्यांना देशाबाहेर काढा म्हणाला आणि इनॉक पॉवेल या राजकारण्याला पाठिंबा दिला. हा तोच पॉवेल, ज्याने १९६८ मध्ये त्याच शहरात स्थलांतरितांविरुद्ध विषारी भाषण केले होते. सूर काळ्यांचे हवेत, पण शेजारी काळा माणूस नको! आपल्या वाचकांना ही वृत्ती वेगळी समजावून सांगायला नको. ढोल-हलगीशिवाय ज्यांचे लग्न लागत नव्हते, त्यांनीच वाजवणाऱ्याला उंबऱ्याबाहेर बसवले होते.

पण तिथले लोक गप्प बसले नाहीत. रेड सॉन्डर्स, रॉजर हडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगीताच्या साप्ताहिकांना खुले पत्र लिहिले. ज्यांच्या संगीतावर तू जगतोस त्यांनाच हाकलायला निघालास, असा त्याचा आशय. त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला. तिथे 'क्लॅश' हा गोऱ्या पोरांचा बँड आणि 'स्टील पल्स' हा बर्मिंगहॅमच्याच काळ्या पोरांचा बँड एकाच मंचावरून वाजले. क्लॅप्टनने मात्र वर्षानुवर्षे दारूचे निमित्त पुढे केले. २०१८ मध्ये, आपल्यावरील माहितीपटाच्या वेळी, त्या वागण्याची लाज वाटते अशी कबुली त्याने दिली. चार दशके लागली!

न्याय करायचा तर दुसरेही सांगितले पाहिजे. १९९१ च्या त्या रात्रींत ब्लूजसाठी त्याने ज्यांना बोलावले, त्यांत लुइझियानात वाटेकऱ्याच्या घरात जन्मलेला, लहानपणी कापूस वेचलेला बडी गाय होता. अल्बर्ट कॉलिन्स होता. आणि पियानोवर जॉनी जॉन्सन होता. चक बेरीच्या गाजलेल्या गाण्यांत ज्याचा पियानो वाजतो, तोच हा जॉनी. तो पुढे सेंट लुइसमध्ये बस चालवून पोट भरत होता. २००० साली त्याने कोर्टात दावा लावला, की ती गाणी दोघांनी मिळून रचली, पण नाव एकट्या बेरीचे लागले. २००२ मध्ये दावा फेटाळला गेला. कारण? फार उशीर झाला! गोऱ्याने काळ्याला नाकारले एवढीच ही गोष्ट नाही. इथे दोघेही काळे होते. ज्याचे नाव कागदावर, त्याचे गाणे.

म्हणून मला वाटते, वाद्यवृंदाने ब्लूजला मोठे केले असे म्हणणे खोटे आहे. ब्लूज मोठेच होते. वाद्यवृंदाकडे एक गोष्ट मात्र आहे, आणि ती आपण घेतली पाहिजे. तिथे प्रत्येक सूर लिहिलेला असतो. कोणी रचला, कोणी बांधला, याची नोंद असते. ज्यांचे संगीत तोंडी चालत आले, त्यांची नावे पुसली गेली.

आपले आणि त्या काळ्या बांधवांचे नाते आजचे नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या निवेदनाची चौकशी केली होती. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. मग त्यांच्या संगीताच्या इतिहासातूनही शिकायला काय हरकत आहे? जलशांनी आणि गायन पार्ट्यांनी गावोगावी चळवळ पोहोचवली. वामनदादांचे नाव घरोघर आहे. पण त्यांच्या मागे ढोलकी धरणारा कोण होता? ती चाल कोणाची? कॅसेटवर नाव कोणाचे छापले आणि गाणे मुळात कोणी लिहिले? तुमच्या वस्तीत अजून एखादा म्हातारा गायक असेल, त्याच्या ट्रंकेत गाण्यांची वही असेल. आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. गाणे उतरवून घ्या, चाल ध्वनिमुद्रित करा आणि खाली नाव लिहा, कवीचे, गायकाचे आणि वाजवणाऱ्याचेसुद्धा.

मोठ्या सभागृहाचे दार आज ना उद्या उघडेल. ते उघडेल तेव्हा आपले गाणे आपल्याच नावाने आत गेले पाहिजे. जॉनी जॉन्सनला कोर्टाने जे सांगितले, ते आपल्या माणसांना ऐकावे लागू नये.