घरचाच झालेला विषाणू

विषाणू म्हणजे बाहेरून येणारा शत्रू, ही आपली पक्की समजूत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांनी कोंबडीच्या गाठीचा गाळलेला अर्क दुसऱ्या कोंबडीत टोचला आणि तिलाही गाठ झाली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने ती समजूत बळकटच केली. पुढे तिला तडा गेला, तोही कोंबडीमुळेच.

१९६०च्या दशकात लंडनमध्ये रॉबिन वाइस राऊस-विषाणूचा एक अपुरा वाण अभ्यासत होते. त्याच्याकडे बाहेरचे आवरण घडवणारे जनुकच नव्हते. त्यामुळे त्याला नव्या पेशीत शिरता येऊ नये. पण काही निरोगी कोंबड्यांच्या भ्रूणपेशींत वाढवला की तो संसर्ग करू लागे. मग आवरण आले कुठून? उत्तर एकच होते: पेशीनेच ते पुरवले. वाइस यांचा हा निष्कर्ष एका परीक्षकाने अशक्य ठरवला. मात्र १९६८मध्ये पेन आणि चब यांनी निरोगी भ्रूणांतले विषाणूचे प्रथिन मेंडेलच्या नियमाने वारशात उतरते, हे दाखवले. मलेशियातल्या रानकोंबड्यांतही वाइस यांना हा वारसा सापडला. अतिप्राचीन काळी बीजपेशीत शिरलेला विषाणू कोंबडीच्या गुणसूत्रात कायमचा वस्तीला आला होता.

पण वारसा असणे वेगळे आणि तो बोलका होणे वेगळे. लेगहॉर्न कोंबड्यांत अशा जनुकांची अनेक ठाणी आहेत. त्यांना ईव्ही-१, ईव्ही-२ असे क्रमांक दिलेले आहेत. ईव्ही-३ पेशीत विषाणूची प्रथिने घडवते. ईव्ही-१ मात्र बहुधा गप्प असते, कारण त्याच्या डीएनएवर मेथिल गटांची कुलपे बसलेली असतात. १९८१मध्ये ग्रौडीन, आयझेनमन आणि वाइनट्रॉब यांनी पेशींना मेथिल गट बसू न देणारे ॲझासायटिडीन थोडा काळ दिले. ईव्ही-१ जागे झाले आणि औषध काढल्यावरही पुढच्या पेशीपिढ्यांत जागेच राहिले. डीएनएचे एक अक्षरही न बदलता त्याचे वाचन बदलले होते.

हे जागे होणे नेहमी घातकच असते असे नाही. काही कोंबड्यांत वारशातले आवरण-प्रथिन पेशीची दारे आतूनच अडवते आणि त्याच गटाच्या बाहेरच्या विषाणूला आत येऊ देत नाही. जुना घुसखोर आता राखणदार झालेला असतो. तेव्हा शत्रू कोण, हे केवळ कुळावरून ठरत नाही. कोणते जनुक कुठे आणि केव्हा बोलते, हेही पाहावे लागते.